गडग्याच्या आत

पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाडीत शिरला तेव्हा मालतीचं मणगणं अर्धंअधिक होत आलं होतं. हरभऱ्याची डाळ बोटांत चुरून बघायची, साबुदाणा मागाहून, गूळ त्याच्याही मागाहून आणि नारळाचा दाट रस अगदी शेवटी, आच बारीक केल्यावर. हे तिला जागेच्या मालक भाटकारांच्या कमलाक्षीबायने शिकवलं होतं, पल्लवी पोटात होती तेव्हा. शेजारच्या शेगडीवर काळ्या वाटाण्यांचं सांबारं रटरटत होतं. ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दोडामार्गापलीकडच्या माहेरातून ते ती हातातच घेऊन आली होती.

"ह्या काय गो? खीर?" शालिनीवहिनी पदराला हात पुसत आत आल्या. थोरल्या दिरांबरोबर त्या कालच्या बसने गावाहून उतरल्या होत्या, आणि तेव्हापासून या दोन खोल्यांतली प्रत्येक वस्तू त्यांनी एकदा तरी उचलून बघितली होती.

"मणगणां, वहिनीनू. हयसर चांगल्या दिसाक करतत."

"हयसर," वहिनी म्हणाल्या, आणि तांदळातला खडा काढून ठेवावा तसा तो शब्द त्यांनी बाजूला ठेवला.

मालतीने ऐकलं न ऐकलं केलं. आजच्या दिवशी तिला काही लागणार नव्हतं. पल्लवी बी.एस्सी. झाली होती. भूगर्भशास्त्र घेऊन, कॉलेजात पहिली. या घराण्यात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पल्लवी चढली होती आणि वर जाऊन पहिली उभी राहिली होती. विठ्ठल पूर्वी खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडल्यावर तो शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवू लागला. निकालाच्या दिवशी त्याने बालरथातल्या पोरांना पेढे वाटले, पोरांच्या बाईंना वाटले, साखळीच्या बाजारात नारळवाल्याला थांबवून वाटले, आणि घरी आला तेव्हा बायकोसाठी पेढा उरला नव्हता. रिकामा खोका पुढे धरून तो उभा राहिला तेव्हा मालती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी तिला डोळे पुसावे लागले.

बाहेरच्या खोलीत गणेश भावोजी चहात पाव बुडवून खात होते. विठ्ठल समोर खुर्ची असूनही जमिनीवर बसला होता. दादा असले की तो खुर्चीवर बसत नसे. "दादानी नांगर धरलो म्हणान मी स्टेरिंग धरलंय," असं तो नेहमी म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. बाप लवकर गेला. थोरल्याने शेत सांभाळलं आणि धाकट्याला डोंगर उतरून गोव्यात जाऊ दिलं.

"विठ्ठला," भावोजींनी कप खाली ठेवला. "आता हयला आटपूया."

"काय आटपूया, दादा?"

"बिऱ्हाड. खाण बंद, टिपर गेलो. चेडवाचा शिक्षण झाला. भाड्याच्या खोलयेत आणि किती दीस रवतलंस? गावात तुझो वाटो तसोच उभो असा." ते जरा थांबले. "आणि सावंतवाडीची माणसा चेडवाक बघूक येवचीत म्हणतत. झील एस.टी. डेपोत असा. निर्व्यसनी. आमच्या ताराच्या घोवाच्या वळखीतलो."

आतल्या खोलीत पुस्तकं लावत बसलेली पल्लवी दारात येऊन उभी राहिली.

"काका, माका एम.एस्सी.क प्रवेश गावलो हा."

"माका ठावक असा गो. बापाशीन फोनार सांगल्यान." आवाजात राग नव्हता, आणि मालतीला तेच अवघड वाटलं. रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो. "शिकलंस, नाव काढलंस. माझी छाती इतकी झाली. गावात चार जणांका मीच सांगत फिरलंय. पण थयसर काय म्हणतत, माहीत हा? गणेशाची पुतणी गोयकार झाली म्हणतत. आणि हयचे तुका काय म्हणतत? भायले. मगे आपला माणूस आपल्या जाग्यार असलेला बरा."

मालतीला जुनी गोष्ट आठवली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी कुणीतरी पोरीला विचारलं होतं, गाव कुठलं. तिने साखळी सांगितलं, तर पुढचा प्रश्न आला, "तसं न्हय, मूळ?" आणि गणपतीच्या चवथीला गावी गेली की चुलत भावंडं अंगणातूनच ओरडायची, गोयकारीण इली! त्या वर्षी वेणी घालताना पल्लवीने विचारलं होतं, "आई, मी दोन्हीकडची काय खयचीच नाय?" मालतीने वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

"आज नारळ ठेवचो असा ना?" भावोजी उठले. "गाऱ्हाणा मी घालतंय. त्याच गाऱ्हाण्यात ह्या पण घालतंय. देवाच्या कानार घातला की झाला."

विठ्ठलने मान खाली घातली.

गाऱ्हाण्यात पडलेला शब्द या घरात परत घेत नसत. मोठा माणूस नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहतो, मोठ्याने सगळं मागणं मांडतो, जमलेली माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा ते म्हटलं गेलं की प्रत्येकाचा शब्द त्यात गुंतला. ताराचं लग्न असंच ठरलं होतं. तारा शालिनीवहिनींची मुलगी, बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणत होती. रवळनाथापुढे भावोजींनी तिच्या लग्नाचं गाऱ्हाणं घातलं तेव्हा तारा ओवाळणीचं ताट घेऊन मागे उभी होती. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. ताटातलं निरांजन थरथरत होतं ते मालतीने बघितलं होतं. वहिनींनीही बघितलं असणार.

मालती स्वयंपाकघरात परतली. नारळाचा रस ओतायचा होता. तिचा हात थांबला.

"वत गो," मागून वहिनी म्हणाल्या. "नायतर फाटतला." आणि मग, डावाकडे बघत, हळूच: "पल्लवी हॉस्टेलात रवतला काय?"

"व्हय. तशी सोय असा."

"ताराक पण हॉस्टेल होता," वहिनी म्हणाल्या आणि वड्यांचं पीठ मळायला बसल्या. ते पीठ आधीच मळलेलं होतं.

*

कमलाक्षीबाय आल्या त्या दारातूनच हाक मारत. "मालती! आमचें चेडूं खंय गो?"

भाटकारांची म्हातारी; ही सगळी टेकडी, तिच्यावरची काजू, माड आणि ही खोल्यांची रांग त्यांच्या घराची. मुलगा शिवदास पणजीत असतो, इथलं सगळं त्याच बघतात. नऊवारी कापड घोट्याच्या वर, हातात काठी, आणि काखेत शेंडी राखून सोललेला नारळ. पल्लवीने वाकून पाया पडताच त्यांनी तिचा गाल असा ओढला की ती कळवळली.

"पयली आयली? सगळ्यांत पयली? आनी म्हाका पेढो ना! विठ्ठला, सगळ्या साखळेक दिलोस, म्हाका विसरलोस?"

"संपले, बाय," विठ्ठल ओशाळला.

"संपतलेच. चल, उठात सगळीं. पयलो नारळ राखणदाराक."

खोल्यांच्या मागे टेकडीच्या चढावर कुंभ्याचं झाड होतं, त्याच्याभोवती चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, आणि गडग्याच्या आत एक शेंदूर नसलेला, नुसता काळा दगड. तो या टेकडीचा राखणदार. वर्षाला भाटकारांच्या घरचा नारळ तिथे पडे, रोट पडे. खोल्यांतली माणसं गडग्याबाहेर उभी राहून हात जोडत. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण जागा त्यांची, मान त्यांचा, हे सगळ्यांना कळत होतं. मालती लग्न होऊन आल्यापासून रविवारी तिन्हीसांजेला दिवा लावी, तोही गडग्यावर, बाहेरच्या अंगाच्या खोबणीत. आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"तो मान तुमचो, बाय," भावोजी अदबीने म्हणाले. "आमी भायली माणसा. आमचो नारळ थय कसो?"

"मान म्हजो. म्हणूनच हांव दितां," कमलाक्षीबायने नारळ पुढे केला. "घे. घरांतलो व्हडलो तूं. तूंच ठेव."

*

पावसाने सकाळपासून उघडीप दिली होती. चढाची माती ओली, तांबडीलाल, चपलेला धरून ठेवणारी. शेजारच्या खोलीतला धाकू सोबत आला. विठ्ठलच्या बरोबरीने टिपर चालवलेला, तोही सिंधुदुर्गातलाच. कमलाक्षीबायने गडग्याच्या तोंडाला आडवी टाकलेली बांबूची काठी स्वतः काढली.

"येयात."

भावोजी आत गेले. त्यांच्या मागून वहिनी, पल्लवी, धाकू. विठ्ठलने चपला काढल्या, हात जोडले, आणि बाहेरच उभा राहिला.

"तुका काय आमंत्रण पत्रिका जाय?" म्हातारी ओरडली.

विठ्ठल गडबडून आत आला. मालतीही आली, पण अगदी कडेला, पाठ गडग्याला टेकेल इतकी कडेला. दगड तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसत होता. त्याच्या एका बाजूला शेवाळ होतं आणि पायथ्याला मुंग्यांची रांग.

भावोजींनी उपरणं खांद्यावर नीट केलं. नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले. गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. गावात त्यांना त्यासाठी दुसऱ्या वाडीतूनही बोलावणं येई.

"बा देवा म्हाराजा! गावच्या रवळनाथा, आई सातेरी, बारा वाटेच्या, चार शिवेच्या, आमच्या मूळपुरुषा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान..."

ते थांबले. इथे "व्हय म्हाराजा" यायला हवं होतं.

आलं नाही.

धाकूने तोंड उघडलं होतं, पण कमलाक्षीबायकडे बघून मिटून घेतलं. भावोजींनी डोळे उघडले. आयुष्यात त्यांच्या गाऱ्हाण्याला असं उत्तर न मिळाल्याचं घडलं नव्हतं.

"गणेशा," म्हातारी शांतपणे म्हणाली, "उबो खंय आसा आनी हाक कोणाक मारता?"

भावोजींचा चेहरा पडला. चूक त्यांना लगेच उमगली. ज्या जागेवर उभं राहायचं तिच्या राखणदाराला आधी हाक द्यायची, मग बाकीचे देव. हे त्यांनीच किती जणांना शिकवलं होतं. जिभेला सवय गावची, ती सरळ गावाला जाऊन पोचली होती.

"चुकलंय, बाय," ते म्हणाले. "हयची हाक माका येणा नाय. तुमीच घाला."

"म्हजें कुळार, म्हणजे म्हायेर, दिवचलेचें. हांव हांगा सून म्हूण आयल्यां. आमच्या घरची रीत अशी, ह्या दोंगरार जल्मल्ल्यान हांगा गाराणें घालपाचें. घोव घालतालो, आतां शिवदास घालता. तो आयज ना." तिने एकेकाकडे बघितलं. धाकूकडे, विठ्ठलकडे, मालतीकडे. "हांगा जल्मल्लें कोण आसा?"

प्रश्न तिला पडलेला नव्हता, हे मालतीला म्हातारीच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. पल्लवी जन्मली तेव्हा विठ्ठल टिपरवर होता आणि रस्त्यावर खनिजाच्या गाड्यांची रांग लागल्याने दवाखान्याची गाडी खालीच अडकली होती. त्यांच्याच खोलीत, मोरीशेजारी, पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते याच म्हाताऱ्या हातांनी.

"चेडवान गाऱ्हाणा घालूचा?" भावोजींचा आवाज चढला. "बाय, असा खय असता?"

भावोजींनी सवयीने धाकट्या भावाकडे बघितलं. विठ्ठल जमिनीकडे बघत होता. मालतीला वाटलं, झालं. आता हा मान हलवील. दादा बोलतत ता खरा, म्हणेल. आणि भावोजी पुन्हा सुरू करतील, या वेळी न चुकता, आणि सावंतवाडीची माणसं, एस.टी. डेपो, गावचा वाटा, सगळं एकामागून एक त्या गाऱ्हाण्यात पडेल.

तिने पाठीमागचा चिरा घट्ट धरला.

"दादानू," विठ्ठल म्हणाला. त्याने मान वर करून पुन्हा सुरुवात केली. "दादानू, मी तुमका कधी नाय म्हटलंय नाय. आजपण म्हणनंय नाय. पण मी हयसर भायलोच रवलंय. गडग्याभायर उभो रवान अर्धो जल्म गेलो माझो. चेडू ह्या डोंगरार जन्मला, ता आतला. नारळ तेच्या हातात द्येवा."

त्याने पुढे होऊन भावाच्या हातातला नारळ घेतला. हिसकावला नाही, देवापुढची वस्तू घेतात तसा दोन्ही हात पसरून घेतला. आणि भावोजींनी तो सोडला.

पल्लवीने आईकडे बघितलं. मालतीने मान हलवली. तिला वाटलं होतं पोर घाबरेल. पोरीने ओढणी कमरेला खोचली, नारळ धरला, डोळे मिटले, आणि जो सूर लागला तो ऐकून शालिनीवहिनींनी चटकन भावोजींकडे बघितलं. तोच चढ, तोच थांबा.

"बा राखणदारा! ह्या डोंगराच्या, ह्या झरीच्या, ह्या कुंभ्याखालच्या राखणदारा म्हाराजा! पयली हाक तुका. तुझ्याच अंगाखांद्यार मी जन्माक इलंय म्हाराजा!"

कुणी उत्तर दिलं नाही. अजून कुणाला धीर होत नव्हता.

"तुझ्या पोटातली माती माझ्या बापाशीन टिपरान भायर काढली. पोटासाठी काढली, ता तुका माहीत असा. तरी तू त्याका सांभाळलंस. घाटार, वळणार, पावसात सांभाळलंस म्हणान आज तो हयसर उभो असा म्हाराजा!"

विठ्ठलने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड झाकलं.

"आता तीच माती शिकूक मी जातंय. ती कशी झाली, कितकी जुनी, खय खणूक व्हया आणि खय हात लावूक नये, ता शिकान परत तुझ्याकडे येतंय. आणि डोंगरापलीकडे आमचो रवळनाथ असा, माझ्या काकाच्या हातचो नारळ घेणारो. त्याका तू सांग म्हाराजा. सांग, चेडू तुझाच असा, पण माझ्या राखणीत रवता. चुकला-माकला सांभाळून घी, आणि आमका सगळ्यांका एकठय ठेव म्हाराजा!"

कुंभ्याच्या पानांवरून साचलेलं पाणी टपटपलं.

"व्हय म्हाराजा!"

आवाज बाईचा होता. इतका मोठा की झाडावरचा कावळा उडाला. शालिनीवहिनी गडग्याच्या मधोमध उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घसरलेला, मुठी वळलेल्या. बायका कधी उत्तर देत नसत. ताराच्या वेळीही त्यांनी दिलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" त्या पुन्हा म्हणाल्या, नवऱ्याकडे सरळ बघत.

"व्हय म्हाराजा!" धाकू. "व्हय म्हाराजा!" विठ्ठल, टॉवेलातून. कमलाक्षीबाय. आणि मालतीला कळलं की कडेच्या चिऱ्याला सोडून आपणही पुढे आलोय आणि आपलाही आवाज त्यात आहे.

राहिले भावोजी. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते पोरीकडे.

"हो सूर खय शिकलंस गो?" त्यांनी विचारलं.

"तुमचोच असा, काका. चवथीक दरवर्सा ऐकतंय."

"माझो नाय तो. माझ्या बापाशीचो." ते खाली बघत हसले. "माझ्या झिलांका गाऱ्हाणा म्हणजे मोबायलात रेकॉर्ड करूची वस्तू. आणि ह्या चेडू उभ्या उभ्या..." खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी ते पुतणीच्या खांद्यावर टाकलं, नीट, दोन्ही टोकं सारखी करून.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. मग विठ्ठलकडे वळले. "गाऱ्हाण्यात पडला. आता माझ्या हातात काय नाय. सावंतवाडीच्या माणसांका मी कळवतंय."

दगडावर नारळ फुटला. एक कवड राखणदारापुढे राहिली. दुसरी पल्लवी आईकडे देऊ लागली, तर भावोजींनी हात पुढे केला.

"ती माका व्हयी."

*

जेवणं झाली. वडे संपले, आणि मणगण्याचं पातेलं वहिनींनी बोटाने निपटलं. "तारा येतली आषाढात," हात धुताना त्या मालतीला म्हणाल्या. "तेका घेवन येतंय. कमलाक्षीबायक विचार, नर्सिंगाची काय चवकशी करतत काय. लगीन झालेल्या चेडवाक घेतत, म्हणतत." मालतीने त्यांचा ओला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुपारच्या बसला पोचवायला सगळे खाली रस्त्यापर्यंत गेले. भावोजींच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली ती कवड होती. बस लागली, ते दोघे चढले, खिडकीशी बसले. कंडक्टर गावाकडचाच, ओळखीचा निघाला.

"काय गणेशकाका, नारळ व्हरतात? गावात नाय काय नारळ?"

"असतत. पण ह्यो रवळनाथाक दाखवचो असा," भावोजी म्हणाले आणि टॉवेलची गाठ जरा सैल करून त्यांनी कवड वर धरली, बसमधल्या सगळ्यांना दिसेल अशी.

"खयचो तो?"

"आमच्या पल्लवीच्या गावचो."

बस सुटली. पल्लवी हात हलवत राहिली, खांद्यावरचं उपरणं सावरत. तिन्हीसांज व्हायला अजून अवकाश होता, पण आज रविवार होता. मालती घरी परतली, दिव्यात तेल घातलं, आणि चढाकडे निघाली. गडग्याच्या तोंडाशी आली तर बांबूची काठी काढलेलीच होती. बाहेरच्या खोबणीकडे तिने एकदा बघितलं आणि दिवा घेऊन सरळ आत गेली.